सरकारी माल आधीं. मग रयतेचा दाणा कितवा?

लढाई लागली म्हणजे आगगाडीवर पहिला हक्क सरकारी मालाचा, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. दारूगोळा धक्क्यावर पडून राहावा आणि त्याच रुळांवरून कोणा व्यापाऱ्याच्या कापसाच्या गांठी मुंबईस धांवाव्या, असला कारभार कोणीहि शहाणा मनुष्य चांगला म्हणणार नाहीं. आमच्या वाचकांना तर हें सांगावयासच नको. आघाडीवर जो शिपाई त्या दारूगोळ्याची वाट पाहात बसतो, तो बहुतकरून आमच्याच घरचा असतो. सातारा, कोल्हापूर, नगर, रत्नागिरीकडील कुणबी, मराठा, महार यांच्या किती घरांत भिंतीवर फौजी पोशाखांतील फोटो टांगलेले आहेत, तें प्रत्येकानें आपल्याच गांवांत मोजून पाहावें. तेव्हां सरकारी माल आधीं जाऊं नये असें आम्ही म्हणतों, असा विपर्यास कोणी करूं नये.

आमचें म्हणणें निराळें आहे. पहिला नंबर सरकारचा, हें ठरलें. दुसरा कोणाचा? हा प्रश्न दोन महायुद्धांत वेळेवर कोणी विचारला नाहीं. ज्याची ओळख तारमास्तरापर्यंत होती त्यानें आपला माल दुसऱ्या नंबरांत घुसविला. ज्याच्या हातांत चार नोटा होत्या त्यानें तिसऱ्यांत. ज्याच्यापाशीं ओळखहि नाहीं आणि नोटाहि नाहींत, त्याचीं जोंधळ्याचीं पोतीं पाऊस खात उघड्यावर राहिलीं, आणि ज्या गांवीं त्या जोंधळ्याची वाट पाहात लोक बसले होते तेथें चुली पेटल्या नाहींत. मालगाडीच्या इंग्रजी वॅगनची आमच्या हमालांनीं वाघीण केली. नांव ठेवतांना त्यांना हंसूं आलें असेल. पण लढाईच्या दिवसांत ती रयतेला खरोखरच वाघीण झाली.

सरकारी मालाचा हा हक्क आला कोठून, तें आधीं पाहूं. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें शाळेंतलें पोरहि सांगतें. पण त्या गाडीच्या आधीं चार वर्षें, १८४९ सालीं, जी. आय. पी. कंपनीशीं जो करार झाला तो फारसा कोणी शिकवीत नाहीं. त्यांतील मुख्य मतलब असा : भांडवल कंपनीनें विलायतेंत उभारावें, जमीन सरकारनें फुकट द्यावी, आणि धंद्यांत तोटा आला तरी भांडवलावर शेंकडा ५ टक्के व्याज मिळेल अशी हमी सरकारनें घ्यावी. याच्या मोबदल्यांत कंपनीनें टपाल फुकट व सैन्य आणि सैन्याचें सामान कमी दरानें वाहावें. लॉर्ड डलहौसी यांनीं १८५३ सालीं रेल्वेवर जें मोठें टिपण लिहिलें, त्यांतहि फौज एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास झटपट हलवितां येईल हा फायदा ठळकपणें मांडला आहे.

अमेरिकेंतहि असाच सौदा झाला होता. तेथील सरकारनें १८५० पासून पुढें कित्येक रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोहों बाजूंच्या जमिनी दिल्या, व त्याबद्दल सरकारी माल आणि फौज कमी दरानें नेण्याची अट घातली. हा कमी दर थेट १९४६ सालापर्यंत चालला. तेथें सरकारनें जमीन दिली (ती मूळची कोणाची होती ही गोष्ट वेगळी). येथें जमीनहि दिली आणि वर रोकड व्याजहि दिलें. तें व्याज सरकारी तिजोरींतून गेलें, आणि त्या काळीं त्या तिजोरींत सर्वांत मोठा भरणा होता शेतसाऱ्याचा. म्हणजे कमी दरानें सैन्य नेण्याचा सरकारचा जो हक्क, त्याची किंमत नांगर धरणाऱ्यानें भरली. ज्यानें किंमत भरली त्याचा त्या गाडींत कांहींच हिस्सा नाहीं, असें कोणत्या न्यायानें म्हणावें?

आतां थोडें गणित. आम्ही पडलों मास्तर, तेव्हां वाचकांनीं एवढें सोसून घ्यावें. एका रेल्वेपाशीं ३०० वाघिणी आहेत असें धरा. वाघीण भरली, गेली, रिकामी झाली आणि परत येऊन पुन्हां भरावयास उभी राहिली, या एका फेऱ्यास १० दिवस लागतात. तर रोज भरावयास किती वाघिणी मिळतील? ३०. आतां असें समजा कीं, एकहि वाघीण मोडली नाहीं, एकहि परदेशीं गेली नाहीं. फक्त फेरा १० दिवसांचा होता तो १५ दिवसांचा झाला. रोज मिळतील २०. रोजच्या १० वाघिणी नाहींशा झाल्या, आणि चोरी तर कोणीच केली नाहीं! त्या गेल्या कोठें? त्या कोठल्या तरी यार्डांत माल भरून उभ्या आहेत. उतरून घेणारा यावयाचा आहे, गुदामांत जागा व्हावयाची आहे, पुढचें इंजिन मिळावयाचें आहे.

गणित येथें संपत नाहीं. पूर्वींच्या ३० पैकीं १५ सरकारी मालाला आणि १५ बाकी सर्वांना मिळत होत्या असें धरा. सरकार पहिल्या नंबरावर, तेव्हां त्याच्या १५ त्याला मिळणारच. राहिल्या ५. म्हणजे एकंदर तूट एक तृतीयांशाची, पण लोकांच्या वांट्याची तूट दोन तृतीयांश झाली. आणि लढाईमुळें सरकारची गरज १५ ची २० झाली तर लोकांच्या वांट्यास शून्य येतें. पहिल्या नंबराला तूट कधीं दिसतच नाहीं. ती सगळी शेवटच्या नंबराच्या अंगावर जाऊन पडते. वरिष्ठ अधिकारी एकंदर आंकडा पाहतात आणि म्हणतात, थोडी ओढ आहे. ज्याची पोतीं धक्क्यावर पडलीं आहेत तो म्हणतो, गाडीच बंद आहे. दोघेहि खरेंच बोलत असतात.

हें ध्यानांत ठेवून १९१४ सालाकडे वळूं. ऑगस्टमध्यें युद्ध पेटतांच विलायतेंत सरकारनें रेल्वे आपल्या ताब्यांत घेतली, आणि १९१३ सालीं जितकें निव्वळ उत्पन्न झालें तितकें कंपन्यांस मिळेल अशी हमी दिली. मालकांच्या नफ्याची तजवीज अशी लागलीच झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांतून पुण्याची सहावी डिव्हिजन बसऱ्यास उतरली. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. तेथें वाहतुकीचा रस्ता एकच, तैग्रिस नदी; आणि नदींत चालणाऱ्या आगबोटी अपुऱ्या. रेल्वे घालावी अशी सूचना १९१५ सालींच आली होती. खर्च फार म्हणून हिंदुस्थान सरकारनें ती बाजूस ठेविली. पुढें डिसेंबरांत कूत येथें ही डिव्हिजन वेढली गेली. सोडवणुकीसाठीं आलेली फौज व सामान बसऱ्यास अडकून पडलें, कारण वर नेण्यास साधन नव्हतें. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं उपाशी सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. कैदेंत गेलेल्यांपैकीं पुष्कळजण परत आले नाहींत. १९१७ सालीं विलायतेंत जो चौकशी कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानें वाहतुकीच्या या काटकसरीबद्दल ताशेरे ओढले. सरकारी माल वेळेवर न गेल्यास त्याचें मोल कोण देतो, तें आम्ही कूतवरून शिकलों आहों. म्हणूनच आरंभीं सांगितलें कीं पहिल्या नंबराबद्दल आमची तक्रार नाहीं.

कूत पडल्यावर मात्र डोळे उघडले, आणि मग एका टोंकाहून थेट दुसऱ्या टोंकास उडी. हिंदुस्थानांतील रूळ, स्लीपर, मीटरगेजचीं इंजिनें आणि वाघिणी जहाजांवर चढूं लागल्या. १९१६ अखेर बसऱ्याहून नासिरियेपर्यंत गाडी चालू झाली. १९१७ त बगदाद पडलें व कूतपासून तेथवर रूळ गेले. हीं इंजिनें आणि वाघिणी कांहीं कारखान्यांतून नवीं निघालेलीं नव्हतीं. येथल्या रुळांवर चालत होतीं तींच गेलीं. विलायतेहून नवा माल येणें बंद. आणि याच वेळीं ओझें दुप्पट झालें, तें कोळशामुळें. झरिया-राणीगंजचा कोळसा पूर्वीं कलकत्त्याहून समुद्रमार्गें मुंबईस येई. जहाजें युद्धांत गेलीं, तेव्हां तोच कोळसा सगळा देश ओलांडून रुळांवरून येऊं लागला. ३०० वाघिणींच्या आमच्या हिशेबांत आतां वाघिणीहि कमी, फेराहि लांब, आणि सरकारची मागणीहि मोठी.

अशा स्थितींत १९१८ सालीं पावसानें दगा दिला. मुंबई इलाख्यांत खरीप जळालें. त्यावर इन्फ्लुएंझाची सांथ आली, जिला पुष्कळ ठिकाणीं मानमोडीचा ताप म्हणत; हिंदुस्थानांत कोटीहून अधिक माणसें तींत गेलीं. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हा. ताप उतरल्यावर पोटांत पेज जावयास पाहिजे. पेजेला दाणा पाहिजे. दाणा दुसऱ्या प्रांतांत आहे आणि वाघीण नाहीं. शेवटीं त्याच सालीं धान्याच्या ने-आणीवर देखरेख करण्यास सरकारनें निराळा अधिकारी नेमला आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ आणविण्याची खटपट झाली. म्हणजे दुसरा नंबर कोणाचा, हा प्रश्न सरकारला सुचला खरा, पण लढाई संपतां संपतां. १९२० सालीं सर विल्यम ॲकवर्थ यांची कमिटी नेमण्यांत आली. तिनें पाहिलें तों मोडकळीस आलेले रूळ, जुनाट पूल आणि मुदत संपूनहि ओढलीं जाणारीं इंजिनें. त्या कमिटीच्या शिफारशीनंतर १९२४ सालीं रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण जमाखर्चापासून वेगळा झाला आणि १९२५ सालीं जी. आय. पी. थेट सरकारच्या व्यवस्थेखालीं आली.

याच सुमारास अमेरिकेंत जें घडलें तें सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं, कारण तें देश श्रीमंत, वाघिणी लाखोंनीं, आणि तरीहि गाडा रुतला. १९१७ सालीं तो देश युद्धांत उतरल्यावर निरनिराळ्या सरकारी खात्यांनीं आपापल्या मालावर ‘हा आधीं न्या’ अशा चिठ्ठ्या चिकटविण्याचा सपाटा लाविला. लग्नांत सगळेच नवरदेव म्हणून घोड्यावर बसले तर वरात निघावयाची कशी? पूर्वेच्या बंदरांकडे भरलेल्या वाघिणींची रांग लागली. जहाज नाहीं, गुदामांत जागा नाहीं, म्हणून माल वाघिणींतच राहिला. वाघीण हेंच गुदाम झालें. आणि पश्चिमेकडे भरावयास रिकामी वाघीण मिळेना. ऐन थंडींत कोळसा खाणीवर पडून आणि माणसें घरांत कुडकुडत. डिसेंबरच्या अखेरीस अध्यक्ष विल्सन यांनीं सर्व रेल्वे सरकारच्या ताब्यांत घेतल्या. तरी १९१८ च्या जानेवारींत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील कारखाने पांच दिवस बंद ठेवण्याचा हुकूम सोडावा लागला, एवढ्यासाठीं कीं जहाजांना व घरांना कोळसा पोंचावा. पुढें जो उपाय केला तो फार साधा होता : पलीकडे माल उतरून घेण्याची सोय आहे असा परवाना आल्याशिवाय अलीकडे वाघीण भरूंच द्यावयाची नाहीं. चिठ्ठ्यांनीं जें झालें नाहीं तें या परवान्यानें पुष्कळ अंशीं झालें. १९२० च्या मार्चांत त्या सरकारनें रेल्वे कंपन्यांना परत केल्या.

दुसरें महायुद्ध १९३९ सालीं सुरू झालें तेव्हां हे सगळे धडे छापील होते. वाचले कोणी? पुन्हां मीटरगेजचीं इंजिनें आणि वाघिणी मध्यपूर्वेंत गेल्या. रुळांसाठीं फांटेचे फांटे उखडले : मलबारांतील शोरनूर-नीलांबूर, मदुरेकडील बोडिनायकनूरचा, कांगडा खोऱ्यांतील नगरोट्याच्या पुढचा. हे तिन्ही फांटे पुन्हां घातले जाण्यास १९५४ च्या आसपासचें साल उजाडलें. रेल्वेच्या कारखान्यांत डबे दुरुस्त करावयाचे तेथें युद्धसामग्री तयार होऊं लागली. लोकांना सांगितलें, जरूर असेल तरच प्रवास करा. आणि जरूर असलेला मनुष्यहि तिसऱ्या वर्गाच्या डब्याला बाहेरून लोंबकळूं लागला. मार्च १९४२ त रंगून पडलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ एका फटक्यांत बंद झाला. एप्रिलांत जपानी विमानांनीं विशाखापट्टण व काकीनाडा यांवर बाँब टाकले. पूर्व किनाऱ्यावरचीं जहाजें हटलीं. पुन्हां कोळसा रुळांवर. १९१७ सालचीच पाटी, फक्त तारीख पुसून नवी घातलेली.

लोकांच्या मनांत या गाडीविषयीं त्या वेळीं काय भावना होती, तें आमच्या सातारा जिल्ह्यानें दाखवून दिलें. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तरुणांनीं पगाराची गाडी अडवून खजिना लुटला. त्या कृत्याचा खल करण्याची ही जागा नव्हे. पण ज्या मुलुखानें फौजेला इतके शिपाई दिले, त्याच मुलुखाला रुळांवरची गाडी आपली न वाटतां परक्याची वाटावी, याचें कारण केवळ चळवळींत शोधून भागणार नाहीं. धान्यासाठीं महिना महिना धक्क्यावर हेलपाटे घालणाऱ्यानें ती आपली मानावी तरी कां?

आतां बंगाल. तेथील १९४३ चा दुष्काळ केवळ रेल्वेमुळें पडला असें आम्ही म्हणणार नाहीं. तें खोटें होईल. १९४२ च्या ऑक्टोबरांत मेदिनीपूरकडे वादळ झालें. त्याच वर्षीं, जपानी आले तर त्यांच्या हातीं लागूं नयेत म्हणून, सरकारनें खाडीमुलुखांतील हजारों होड्या काढून घेतल्या किंवा फोडल्या. व्यापाऱ्यांनीं तांदूळ दाबला, भाव कडाडले, आणि प्रांतांनीं आपापल्या सीमा बंद केल्या. पण यांत वाहतुकीचा धागा पाहण्यासारखा आहे. ज्या मुलुखांत सडक नाहीं व रूळ थोडे, तेथें होडी हीच वाघीण होती. ती लढाईच्या कारणानें काढून घेतली, आणि तिच्या जागीं दुसरें कांहीं दिलें नाहीं.

मालाला जसे नंबर तसे माणसांनाहि लागले. कलकत्त्यांतील गिरण्या, कारखाने, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांतील नोकर हे ‘अग्रहक्काचे वर्ग’ ठरले, कारण त्यांच्यावांचून लढाईचें काम अडलें असतें. त्यांच्यासाठीं स्वस्त धान्याची तजवीज झाली. ती झाली याबद्दल आम्हांस वाईट वाटत नाहीं. कामगार तोहि आमचाच. पण खेड्यांतील शेतमजूर, कोळी, कुंभार, विधवा यांच्यावांचून कोणतें काम अडत होतें? कोणतेंच नाहीं! म्हणून ते यादींत नाहींत. मग ते पायीं कलकत्त्यास आले आणि अग्रहक्काच्या वर्गांच्या दारांसमोर मेले. १९४५ सालीं दुष्काळ चौकशी कमिशननें मृत्यूंचा अंदाज १५ लाख सांगितला. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लाखांपर्यंत नेला आहे.

त्यांत भर म्हणून १९४३ च्या जुलैंत दामोदर नदीचा बांध फुटला, ईस्ट इंडियन रेल्वेचा मुख्य मार्ग वाहून गेला, आणि पंजाब-संयुक्त प्रांतांकडून येणाऱ्या धान्याची वाट कित्येक आठवडे वांकडी झाली. तरी धान्य आलें. आलें आणि हावड्याजवळच्या बोटॅनिकल गार्डनांत उघड्यावर ढीग लागून कुजलें, कारण तेथून पुढें जिल्ह्यांत नेण्याची व्यवस्थाच नव्हती. आमच्या गणितांतली तीच गोष्ट : वाघीण पोंचली म्हणजे दाणा पोंचला असें नव्हे. ऑक्टोबरांत लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय होऊन आले व त्यांनीं धान्य वाहण्याच्या कामाला फौज लाविली. फौजेच्या मोटारी, फौजेचे अधिकारी, फौजेची शिस्त यांनीं कलकत्त्यांत अडकलेलें धान्य खेड्यापाड्यांत नेण्यास सुरुवात केली. जी यंत्रणा दारूगोळा वाहात होती तिलाच तांदूळ वाहण्यास सांगितलें, आणि तिनें तो वाहिला. लढाई तर तेव्हांहि चालूच होती. मग हाच हुकूम जुलैंत कां निघाला नाहीं?

आणखी एक बाजू आहे, ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच वेळीं आसामांत दुसरी गाडी चालली होती. ब्रह्मदेशचा रस्ता तुटल्यामुळें चीनला जाणारी मदत आसामच्या विमानतळांवरून उडत होती, आणि ती तेथवर पोंचविणारा रूळ एकच, चहाच्या पेट्या वाहण्यापुरता घातलेला. कलकत्त्याहून पार्वतीपूरपर्यंत ब्रॉडगेज. तेथें प्रत्येक नग हातांनीं उतरवून मीटरगेजच्या वाघिणींत चढवावयाचा. पुढें आमिनगांवास ब्रह्मपुत्रेवर पूल नाहीं (तो १९६२ सालीं झाला), म्हणून वाघिणी तराफ्यावर घालून पांडूस उतरावयाच्या. १ मार्च १९४४ पासून कटिहार ते लेडो हा सुमारें ८०० मैलांचा मार्ग अमेरिकन फौजेच्या रेल्वे पथकांनीं चालवावयास घेतला आणि थोड्याच महिन्यांत मालाचें मान पुष्कळ वाढविलें. नवीं इंजिनें आलीं हें खरें. पण मुख्य गोष्ट ही कीं त्यांनीं यार्डांत वाघीण उभी राहूं दिली नाहीं. आमचें ३०० चें गणित त्यांना ठाऊक होतें. येथील पॉइंट्समन, फायरमन, हमाल यांनींच तें काम मान मोडून केलें. त्यांचे फोटो मात्र कोठें छापून आले नाहींत.

त्याच मार्च महिन्यांत जपानी सैन्य इंफाळ व कोहिमावर चालून आलें. संगशाक येथें चौथी मराठा पलटण पहिला मार अंगावर घेत होती. त्या बाजूच्या आमच्या सर्व फौजेचें रेल्वेचें शेवटचें ठाणें दिमापूरजवळचें मणिपूर रोड स्टेशन. तेथें वाघीण एक दिवस उशिरा आली असती तर त्याचें मोल साताऱ्या-कोल्हापुरांतील घरांनींच दिलें असतें. मुंबईंत १९४३ च्या मे महिन्यांत रेशनिंग सुरू झालें होतें आणि विजापूर जिल्हा दुष्काळानें पोळला होता. एकाच मायलेंकरांतला लेक मणिपूर रोडला एका वाघिणीची वाट पाहातो, आणि आई इकडे दुसऱ्या वाघिणीची. त्या दोघांना एकमेकांचे वैरी करून ठेवणें, हा कारभार नव्हे. लेकाची वाघीण आधीं गेली तर आई कुरकुर करणार नाहीं. पण तिची वाघीण त्यानंतर लागलीच निघेल एवढें तिला कोणी लिहून दिलें पाहिजे.

आज राज्य आपलें आहे. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतहि रेल्वेनें आपलें काम केलें. ९ सप्टेंबर १९६५ रोजीं राजस्थानांत गडरा रोडनजीक फौजेचें सामान घेऊन जाणारे १७ रेल्वे कर्मचारी शत्रूच्या विमानांच्या हल्ल्यांत मेले, त्यांच्यापुढें आम्ही मस्तक लववितों. आणि आतां कायदाहि आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ७१ व्या कलमानें कोणता माल आधीं न्यावा, कोणता नाकारावा, हें ठरविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारला दिला आहे, आणि त्या अन्वयें निघणाऱ्या हुकुमांत सैन्याच्या मालाखालोखाल संकटग्रस्तांच्या मदतीचा माल व रेशनचें धान्य यांना जागा आहे. दुसरा नंबर कोणाचा, या प्रश्नाला असें कागदावर उत्तर मिळालें, ही लहान गोष्ट नव्हे. मनांत आणलें म्हणजे काय होतें तेंहि आम्हीं पाहिलें आहे. २०१६ च्या एप्रिलांत लातूर तहानेनें व्याकुळ झालें तेव्हां कोट्याहून टांकीच्या वाघिणी धुवून आणल्या, मिरजेस भरल्या, आणि पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लाख लिटर पाणी लातुरास पोंचलें.

पण तें शांततेच्या दिवसांत. लढाईच्या दिवसांत कागद किती टिकतो, याची परीक्षा व्हावयाची आहे, आणि ती व्हावी अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. म्हणून परीक्षेच्या आधींच तीन गोष्टी ठरून जाव्या. पहिली : सैन्याला कितीहि वाघिणी लागोत, तुटीच्या जिल्ह्यांच्या धान्यासाठीं रोजचा एक आंकडा बांधलेला असावा, व तो कमी करणाऱ्या अधिकाऱ्यानें आपल्या सहीनिशीं आणि कारणानिशीं करावा, तोंडी हुकुमानें नव्हे. दुसरी : सरकारी खात्यानें वाघीण मागण्यापूर्वीं पलीकडे ती रिकामी करण्याची सोय दाखवावी, आणि उशीर झाल्यास व्यापाऱ्याप्रमाणेंच डेमरेज भरावें. व्यापाऱ्याची वाघीण दोन तास अडली तर दंड आणि साहेबाची दोन आठवडे अडली तर सलाम, असें असेल तर फेरा लांबतच जाणार. तिसरी : कोणता माल कितव्या नंबरावर आहे त्याचा तक्ता गुप्त नसावा. कोठली पलटण कोठें चालली हें गुप्त ठेवा. जोंधळा कितव्या नंबरावर आहे हें गुप्त ठेवण्याचें कारण नाहीं. नंबर गुप्त राहिला कीं तो विकला जातो. हा तक्ता मराठींत, मोठ्या अक्षरांत, स्टेशनमास्तरच्या खोलींत नव्हे तर मालधक्क्यावर, पोतीं उचलणाऱ्या हमालाला उभ्या उभ्या वाचतां येईल अशा जागीं लावला जावा.